न फुटलेल्या नळीची गोष्ट

केळीला पाणी कमी पडलं तर पान ते आठ दिवसांनी सांगतं. प्रेशर गेजचा काटा आत्ताच्या आत्ता सांगतो. रावेर तालुक्यातले आबा हे वाक्य प्रत्येक नव्या सालदाराला पहिल्याच दिवशी ऐकवत. तापीपासून कोसभरावर त्यांची सात एकर बाग. उजाडायच्या आत ते विहिरीवर जात, मोटर चालू करत, गेजसमोर उभे राहत आणि काटा दीड किलोवर स्थिरावला की खिशातली वही काढून तारीख नि आकडा लिहीत. वीस वर्षांत असा एक दिवस चुकला नव्हता. मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा हळदीच्या अंगाने काटा बघून आले होते.

एका दिवाळीनंतर आशाताईंनी तिशीपुढच्या सगळ्यांना गावच्या उपकेंद्रात बोलावलं. आबा गेले ते त्यांचा शब्द मोडवेना म्हणून. डॉक्टर मॅडमनी दंडाला पट्टा बांधला आणि आकडा आला १६८/१०२.

"चालत आलात म्हणून असेल," मॅडम म्हणाल्या. "पाच मिनिटं पाठ टेकून बसा. बोलू नका, तंबाखू नको, चहा नको. हात टेबलावर, छातीच्या उंचीला." पुन्हा मोजलं, दोन दिवसांनी बोलावून परत मोजलं. आकडा हलला नाही.

आबांना काहीच होत नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, केळीचा घड खांद्यावर घेऊन ते अजून बांध ओलांडत. पण घरात एक रिकामी खाट होती. थोरल्या भावाला, दादांना, बागेत पाणी भरता भरता लकवा झाला होता. जेवताना घास तोंडाच्या एका बाजूने खाली पडायचा आणि दादा मान फिरवून घ्यायचे. नऊ वर्षं ते त्या खाटेवर होते. त्यांचं ब्लडप्रेशर आयुष्यात कुणी मोजलंच नव्हतं. ती खाट आठवून आबांनी गोळी सुरू केली.

पहिली गोळी अ‍ॅम्लोडिपिन, ५ मिलिग्रॅमची. महिन्याने आकडा १४८/९२ वर आला; पण संध्याकाळी घोटे सुजायचे आणि चपलेचा पट्टा रुतायचा. मॅडमनी टेल्मिसार्टन ४० ची दुसरी गोळी जोडली. सूज ओसरली आणि होळीच्या सुमारास आकडा आला १२८/८०.

"बरा झालो," आबा घरी येऊन म्हणाले, आणि चैत्रात त्यांनी दोन्ही गोळ्या बंद केल्या. पारावर कुणीतरी म्हणालंच होतं, एकदा लागली की जन्माची सवय लागते. पहिले चार दिवस काही झालं नाही. पंधरवडा गेला, काही झालं नाही. त्यांच्या बायकोने, माईंनी, एकदा विचारलं, दोनदा विचारलं. "बघ ना, ठणठणीत आहे," आबा म्हणायचे. आशाताई दारात आल्या तेव्हा त्यांनाही हेच उत्तर मिळालं. माई गप्प बसल्या, पण गोळ्यांची पाकिटं त्यांनी टाकली नाहीत. देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवून दिली.

ज्येष्ठात आबा आठ दिवस मुलीकडे पुण्याला गेले. मृगबागेतले घड कापणीला आले होते. बाग नव्या सालदारावर, सुकावर सोपवली. सुका चौतिशीचा, कष्टाळू, मनाने सरळ. आबांच्या माघारी त्याने एक गोष्ट पाहिली. आबांची मोटर साडेसातची, आणि ठिबकवर एकेक प्लॉट चालायचा. एका प्लॉटला इतकं पाणी लागत नाही, म्हणून जादा पाणी बायपासच्या पाइपातून परत विहिरीत पडायचं. भर उन्हाळ्यात वर खेचलेलं पाणी धबाधबा विहिरीत परत पडताना पाहून सुकाचा जीव तुटला. बाग हिरवीगार, नळ्या शाबूत, मग हा कॉक उघडा कशाला? त्याने तो बंद केला.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या दिवशीही नाही. उलट ड्रीपर जोमाने पाणी टाकत होते. काटा अडीच किलोच्या पुढे गेला होता, पण तिकडे बघायचं सुकाच्या ध्यानात आलं नाही.

सहाव्या रात्री दीडला लाईट आली, ऑटोवर मोटर चालू झाली. मध्येच लाईट गेली आणि झटक्याने परत आली. त्या दणक्याने उन्हाने वाळलेल्या सबमेनचा जोड सुटला. पहाटेपर्यंत पाणी एकाच जागी ओसंडत राहिलं. बुडख्याची माती वाहून गेली आणि घडांच्या भाराने वाकलेली केळी एकामागून एक आडवी झाली. सकाळी सुकाने मोजली. एकशे चाळीस खोडं.

आबा मिळेल त्या गाडीने परतले. चिखलात उभे राहून त्यांनी पडलेली बाग पाहिली, मग विहिरीवर जाऊन कॉक पाहिला.

"हा कुणी बंद केला?"

"मी, आबा. पाणी वाया चाललं होतं. आणि काहीच बिघडलेलं नव्हतं. बाग कशी झक्क होती..."

"अरे, बाग झक्क होती ती ह्या कॉकमुळे!" आबांचा आवाज चढला. "काही बिघडलेलं नव्हतं म्हणून त्याला काढायचं? तो होता म्हणून तर बिघडत नव्हतं! पाच दिवस काही झालं नाही, तेवढ्याने तुला वाटलं त्याचं काही काम नाही? पाइप रोज थोडा थोडा ताणला जात होता, दिसत नव्हतं इतकंच. काटा काय भिंतीला शोभा म्हणून लावलाय?"

सुका मान खाली घालून उभा होता. चहा घेऊन आलेल्या माई दोन पावलं मागे थबकल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. चहा ठेवला आणि काही न बोलता घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे आबा विहिरीवर गेले. खोलीचं दार उघडलं, बॅटरीचा उजेड गेजवर टाकला. गेजच्या मानेला सुतळीने बांधलेली दोन पाकिटं लटकत होती. अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन.

आबा बराच वेळ तिथे उभे राहिले. काल सुकाला सुनावलेला शब्दन्‌शब्द त्यांना आठवत होता. मोटर चालू न करताच ते वळले आणि उपकेंद्र उघडायची वाट बघत पायरीवर जाऊन बसले.

आकडा आला १७२/१०४.

मॅडम रागावल्या नाहीत. दोन्ही गोळ्या त्यांनी पुन्हा सुरू करून दिल्या. आबांनी सुतळी, पाकिटं, पडलेली बाग, सगळं सांगितलं आणि म्हणाले, "घेतो, आता चुकणार नाही. पण मला एकदा नीट समजू द्या. एवढीशी गोळी प्रेशर कमी करते म्हणजे करते काय?"

"ते तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "आधी तुमचा आकडा तुमच्या भाषेत सांगते. १७२ म्हणजे १७२ मिलिमीटर पारा. पारा पाण्याच्या साधारण साडेतेरापट जड. म्हणजे पाण्याचा सव्वादोन मीटरहून थोडा उंच स्तंभ. तुमच्या गेजवर तो पाव किलोसुद्धा भरणार नाही."

आबा चकित झाले. "एवढंच? एवढ्याने काय फुटणार?"

"तुमची मोटर आठ तास चालते, मग पाइपाला विसावा मिळतो. हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देतं, सत्तर वर्षं, एकही खाडा नाही. वरचा आकडा ते जोर लावतं तेव्हाचा, खालचा दोन ठोक्यांमधल्या विसाव्याचा. तुमच्या विसाव्यातसुद्धा १०४ आहे. आणि ह्या नळ्या पीव्हीसीच्या नाहीत, जिवंत आहेत. मेंदूत खोल जाणारे काही फाटे शिवणाच्या दोऱ्याएवढे बारीक. रोजच्या ताणाने त्यांची भिंत जाड आणि कडक होते, मग कुठे बुजते, कुठे फुटते. दादांचं असंच काहीतरी झालं असेल. तिकडे हृदयाची भिंत जाड होते. मूत्रपिंड म्हणजे तुमचा सँडफिल्टर. चोवीस तासांत सुमारे १८० लिटर गाळतं. त्याची जाळी झिजते. यातलं काहीच दुखत नाही. आता तुम्ही सांगा, ठिबकचं प्रेशर वाढलं तर तुम्ही काय काय करू शकता?"

आबा सरसावून बसले. हा त्यांचा प्रांत होता. "बायपासचा कॉक उघडायचा, जादा पाणी काढून टाकायचं."

"ही झाली पहिली औषधं, लघवी वाढवणारी. क्लोर्थॅलिडोन त्यातलंच. मूत्रपिंड गाळलेल्या पाण्यातलं मीठ परत रक्तात ओढून घेत असतं. ही गोळी ते ओढणं कमी करते. मीठ लघवीतून बाहेर पडतं आणि मिठाच्या मागे पाणी जातं. नळ्यांमधला भार हलका होतो. काही आठवड्यांनी पाण्याची पातळी बरीचशी पूर्ववत होते, पण तोवर नळ्या सैलावतात, म्हणून दाब खालीच राहतो. आणखी काय कराल?"

"मोठा पाइप टाकीन. दोन इंचीच्या जागी अडीच."

"ते काम तुमच्या अ‍ॅम्लोडिपिनचं. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायूंचं कडं असतं. त्या स्नायूंच्या पेशींना बारीक दारं असतात. त्यांतून कॅल्शियम आत शिरलं की स्नायू आवळतो आणि नळी अरुंद होते. ही गोळी ती दारं अडवते. स्नायू सैल पडतो, नळी रुंद होते."

"कॅल्शियम अडवते?" आबांना काळजी वाटली. "माई तर हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या खाते."

"हाडांच्या कॅल्शियमला ही हात लावत नाही, फक्त स्नायूंची ती दारं धरते. तुमचे घोटे का सुजले तेही यातच आहे. पाणी नेणाऱ्या नळ्या रुंद झाल्या, परत आणणाऱ्या तेवढ्या झाल्या नाहीत. मधल्या बारीक जाळ्यात पाणी तुंबलं आणि पाझरून घोट्यांत उतरलं. ते मूत्रपिंड बिघडल्याचं लक्षण नव्हतं. टेल्मिसार्टन परतीच्या नळ्याही सैल करते, म्हणून ती जोडल्यावर सूज उतरली. शिवाय एकच गोळी दुप्पट करण्यापेक्षा दोन वेगळ्या वाटांच्या गोळ्या थोड्या थोड्या दिल्या तर दाब जास्त उतरतो आणि त्रास कमी होतो."

"तिसरं म्हणजे मोटरचा जोर कमी करायचा," आबा आता स्वतःहून म्हणाले.

"ते बीटा ब्लॉकर. भीती, धावपळ, राग आला की अ‍ॅड्रेनालिन सुटतं आणि हृदयाला म्हणतं, पळ. ही औषधं हृदयावरच्या त्या हुकमाच्या जागा आधीच अडवून बसतात. ठोके सावकाश पडतात, जोर कमी लागतो. जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने ती शोधली. १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज नुसत्या ब्लडप्रेशरला ती सहसा पहिली देत नाहीत; हृदयविकार असेल तर देतात. ती एकाएकी सोडली तर हृदय उसळी घेतं, म्हणून डॉक्टरला विचारल्याशिवाय कधीच थांबवायची नाहीत. आता चौथं. तुमची मोटर लांबून कशी चालू होते?"

"मोबाइल स्टार्टर आहे. घरून कॉल केला की विहिरीवर मोटर चालू."

"शरीरातही असाच कॉल जातो. रक्त सांडलं, जुलाब झाले, अंगातलं पाणी आटलं, की मूत्रपिंड ओळखतं आणि रेनिन नावाचा रस रक्तात सोडतं. त्याच्यामुळे आधी अँजिओटेन्सिन एक बनतं. मग एसीई नावाचं विकर, फुप्फुसांतल्या वाहिन्यांच्या अस्तरात ते भरपूर असतं, त्याला कापून अँजिओटेन्सिन दोन बनवतं. हा खरा कॉल. तो नळ्यांना सांगतो आवळा, आणि अल्डोस्टेरॉनकरवी मूत्रपिंडाला सांगतो, मीठ-पाणी धरून ठेवा. जीव वाचवायला बांधलेली यंत्रणा आहे ही. पण ब्लडप्रेशरच्या पुष्कळ रोग्यांत विहीर भरलेली असतानाही कॉल चालूच राहतो. काही औषधं एसीईलाच अडवतात, म्हणजे कॉल लागतच नाही. तुमची टेल्मिसार्टन वेगळं करते. कॉल येतो, पण स्टार्टरपर्यंत पोचत नाही. हुकूम ज्या कुलपाला लागायचा, त्या कुलपात ही आधीच बसलेली असते."

आबांनी हे सगळं मनात एकदा फिरवून पाहिलं. पाणी काढणं, पाइप रुंद करणं, मोटर सावकाश चालवणं, कॉल अडवणं. चारही गोष्टी त्यांच्या रोजच्या. मग त्यांना खटकलेलं त्यांनी विचारलं. "पण सोडल्यावर पंधरा दिवस मला काहीच झालं नाही. असं कसं?"

"अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून फार हळू जाते. घेतलेल्या गोळीतली अर्धी उतरायलाच तीस ते पन्नास तास लागतात. तिचा पुरता परिणाम यायला आठवडा लागतो आणि सोडल्यावर तो जायलाही बरेच दिवस लागतात. एखाद्या दिवशी विसरली तर घात होऊ नये, असा हा तिचा गुण आहे. पण माणूस त्याचा उलटा अर्थ काढतो. सुकाच्या पाच दिवसांसारखा. आणि दाब परत चढला तेव्हाही तुम्हाला कळलं नाही, कारण चढलेला दाब तुम्हाला आधीही कधी कळला नव्हता."

आबा खाली बघत म्हणाले, "पूर्वी लोक काय करत होते हो? गोळ्याच नव्हत्या तेव्हा?"

"मरत होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट, दुसऱ्या महायुद्धातला जगातला सर्वांत बलवान माणूस म्हणा ना, १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दिवशी त्यांचा दाब मोजला होता ३००/१९०. डॉक्टरांपाशी होतं काय? मीठ कमी करा, विश्रांती घ्या, झोपेचं औषध घ्या. आपल्या उपकेंद्रात फुकट मिळणारी ही गोळी त्यांना साऱ्या अमेरिकेत मिळाली नसती."

मग मॅडम हसल्या. "मी आयुर्वेद शिकलेली. आमच्याकडे एक मुळी आहे, सर्पगंधा. उन्माद आणि निद्रानाशावर पूर्वापार वापरातली. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती ब्लडप्रेशरच्या रोग्यांना देऊन नीट मोजमाप ठेवलं आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहिला. जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष तिच्याकडे वेधलं गेलं. १९५२ मध्ये तिच्यातलं रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. मज्जातंतूंच्या टोकाशी साठलेलं, नळ्यांना आवळायला लावणारं रसायन ते रिकामं करतं. १९५७ मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. रिसर्पिनने काही रोगी उदास व्हायचे, सुस्तावायचे, म्हणून चांगली औषधं आल्यावर ते मागे पडलं. पण मुंबईच्या डॉक्टरने दाखवून दिलं की हा दाब गोळीने उतरू शकतो."

"आणि खरा सापही आहे," त्या पुढे म्हणाल्या. "तुमच्या बागेत घोणस निघते ना? ब्राझीलमध्ये तिच्यासारखाच विषारी जराराका असतो. त्याच १९४९ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी पाहिलं की त्याच्या विषाने रक्तात ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य सुटतं आणि दाब कोसळतो. १९६५ मध्ये सेर्जिओ फेरेरा यांना त्याच विषात त्या द्रव्याचा जोर वाढवणारा अंश सापडला. हाच अंश एसीईलाही अडवतो असं पुढे दिसलं. त्याची नक्कल करत कॅप्टोप्रिल घडवलं गेलं, १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. त्या औषधांनी काहींना कोरडा खोकला लागतो, त्यामागे तेच साठलेलं ब्रॅडिकायनिन असतं असं मानतात. तुमच्या टेल्मिसार्टनच्या जातीच्या गोळ्या त्यानंतर आल्या, त्यांनी सहसा खोकला होत नाही. आबा, सापाच्या विषापासून तुमच्या सुतळीला बांधलेल्या पाकिटापर्यंत किती माणसांची आयुष्यं खर्ची पडली बघा."

आबा काही वेळ बोलले नाहीत. दादांची खाट त्यांच्या डोळ्यांसमोर होती. दादांच्या हयातीतही ही गोळी होती. कुणी दंडाला पट्टाच बांधला नव्हता.

"मी काय काय सांभाळू, पोरी?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी बोटांवर मोजलं. "गोळ्या रोज, ठरल्या वेळी. मीठ सगळं मिळून दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, एक छोटा चमचा. ताटातलं मीठ दिसतं. पण पापडातला खार, बिबड्या, कुरडया, लोणचं यांतलं दिसत नाही. अंगदुखीच्या गोळ्या मनाने आणून खाऊ नका, त्या दाब वाढवतात आणि ह्या गोळ्यांसोबत मूत्रपिंडावर ताण आणतात. उन्हाळ्यात उलट्या-जुलाब लागले तर लगेच या. अंगातलं पाणी कमी असताना ह्या गोळ्यांचं काय करायचं ते मी सांगेन. तुमची गोळी दुसऱ्या कुणाला देऊ नका. गरोदर बाईला तर टेल्मिसार्टन अजिबात चालत नाही. आणि रक्त तपासून घ्या, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम."

"केळी खाऊ ना?"

"केळ्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टन ते शरीरात थोडं धरून ठेवते. तुमची मूत्रपिंडं चांगली असली तर घरचं केळं खुशाल खा. पण बाजारात कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम घातलेलं असतं. ते मला विचारल्याशिवाय आणू नका."

त्या दिवशी संध्याकाळी आबांनी सुकाला ओट्यावर बोलावलं. सुकाला वाटलं हिशेब करून घरी पाठवतात. आबांनी माईंनाही हाक मारली.

"काल तुला बोललो ते सगळं खरं होतं," आबा म्हणाले. "पण ते मला बोलायचा हक्क नव्हता. तू कॉक सहा दिवस बंद ठेवलास. मी अडीच महिने ठेवला होता. तुझ्या चुकीने एकशे चाळीस केळी पडली. माझ्या चुकीने माईला दुसरी खाट उचलावी लागली असती."

माईंनी पदर डोळ्यांना लावला. आबांनी त्यांच्याकडे बघून हात जोडले, चार माणसांत कधी जोडले नव्हते तसे.

"उद्या तूही चल," आबा सुकाला म्हणाले.

"मला काही होत नाही, आबा."

"मलाही काही होत नव्हतं."

सुकाचा आकडा १५२/९६ आला. दोन दिवसांनी पुन्हा मोजला, तसाच. मॅडमनी त्याची तंबाखू सोडवायला घेतली आणि गोळी सुरू केली. चौतिसाव्या वर्षी कळलं हे भाग्य, असं त्या म्हणाल्या.

आता विहिरीवरच्या वहीत तीन रकाने आहेत. पहिला गेजचा, दुसरा आबांच्या गोळीचा, तिसरा सुकाच्या गोळीचा. महिन्याने उपकेंद्रातला आकडाही त्यातच उतरतो. पाकिटं अजून त्याच सुतळीला असतात. आबा आधी काटा बघतात, मग गोळी घेतात, मग मोटर चालू करतात. उजवीकडे शेऱ्याची जागा आहे. तिथे ते रोज न चुकता दोन शब्द लिहितात : काही नाही.

एकदा सुकाने विचारलं, "आबा, काही झालंच नाही तर लिहायचं कशाला?"

आबांनी पेन खिशाला लावलं. नवी बाग उभी राहत होती. नळ्यांतून पाणी थेंबाथेंबाने, जितकं हवं तितकंच, मुळाशी उतरत होतं. बायपासमधून जादा पाणी विहिरीत परत पडत होतं, त्याचा आवाज येत होता.

"केळी विकली की पैसे दिसतात," आबा म्हणाले. "हे पीक दिसत नाही. जोड सुटला नाही, माणूस पडला नाही, खाट धरली नाही. काही न घडणं हेही पीकच आहे, सुका. आणि रोज राखलं तरच ते येतं. म्हणून लिहायचं."

तात्पर्य : जी राखण आपलं काम चोख करते, तिचं काम डोळ्यांना दिसत नाही. संकट आलं नाही म्हणून राखणदाराला घालवू नये. बरं वाटतं की नाही हे मनाला विचारावं, पण दाब किती हे काट्यालाच विचारावं.